हजाराच्या आतली बाटली: हाउस वाइन निवडतानाच्या नोंदी

14 जून 2025

भाच्याचं हॉटेल नाशिकच्या गंगापूर रोडला उभं राहतंय. मराठी जेवण, पंचेचाळीस खुर्च्या आणि परवाना फक्त बिअर-वाइनचा. "मामा, वाइनची यादी तुम्ही काढून द्या. ग्लासने विकायच्या पाचच. आणि ग्लासची किंमत बघून गिऱ्हाईकाने मेनू मिटवता कामा नये," एवढं सांगून तो फरशीवाल्याशी भांडायला गेला. मी मसाल्याच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. वास घेऊन मार्क देणं हा पोटापाण्याचा उद्योग, वाइनचा नाद नंतरचा.

हद्द आजच आखून टाकली. दुकानातल्या छापील किमतीने देशी बाटली हजाराच्या आत, परदेशी पंधराशेच्या आत. परदेशीला पाचशेची सूट का, तर सगळा खेळ बंदरातला आहे. बाहेरून आलेल्या वाइनवर आयात शुल्कच दीडशे टक्के. जहाजातून दोनशेची म्हणून उतरलेली बाटली कस्टमच्या दारातून बाहेर पडते ती पाचशेची होऊन. मग राज्याचे कर, आयातदार, वितरक, दुकानदार. पंधराशेच्या परदेशी बाटलीत प्रत्यक्ष वाइन किती रुपयांची, हे लक्षात ठेवूनच तोंडाला लावायची.

ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे आणि त्यात वाइनवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतंय. पण ती सवलत पाच डॉलरच्या वरच्या बाटलीला. त्याखालच्या स्वस्त मालावर दीडशे टक्के होते तसेच. आम्हाला नेमका तोच माल हवाय.

दुसरीकडे, 10 जूनच्या मंत्रिमंडळ बैठकीत भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क दणदणीत वाढवलं, बिअर-वाइन मात्र त्यातून वगळली. भाच्याने ती बातमी मला दोनदा पाठवली.

17 जून

मंडळी ठरली. भाचा स्वतः. त्याचा आचारी, मालवणचा. वाइन कधी चाखलेली नाही, पण शेजारच्या घरातल्या फोडणीवरून तेल कुठलं ते सांगतो. माझी बायको, जी अर्धा घोट घेऊन ग्लास परत ढकलते, पण जिचं नाक घरात सगळ्यांत तिखट. सातपूरच्या औषध कंपनीतला केमिस्ट मित्र. आणि शेजारचे आप्पा, दिंडोरीकडचे द्राक्ष बागाईतदार.

आप्पांनी 2001 साली राज्याचं वाइन धोरण आलं तेव्हा उत्साहाने वाइनची द्राक्षं लावली होती. 2008 नंतरच्या मंदीत अनेकांनी त्या बागा काढल्या, त्यांनीही काढली आणि परत थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, लावली. एका वायनरीकडे त्यांचे पैसे अडकले होते. तिचं नाव ते काढत नाहीत, त्यामुळे मीही विचारत नाही.

त्यांची एकच अट: "श्रावण लागला की मी नाही." यंदा श्रावण 25 जुलैला. म्हणजे सगळं गटारीच्या आत आटपायचं. एवढी पक्की मुदत नोकरीत कधी कुणी दिली नव्हती.

पद्धत कागदावर उतरवली. वेळ सकाळी अकराची, कारण जेवणानंतर जीभ जड होते. त्या दिवशी घरात उदबत्ती नाही, अत्तर नाही, आणि आचाऱ्याने कांदा चिरून यायचं नाही. बाटल्या स्वयंपाकघरात उघडायच्या आणि एकसारख्या काचेच्या जगमध्ये ओतून बाहेर आणायच्या. नुसता वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून भागत नाही. बाटलीचे खांदे, बूच की स्क्रू कॅप, यावरून जाणकार माणूस अर्धं ओळखतो. ग्लास लहान, तोंडाशी निमुळते. आंतरराष्ट्रीय मानकातला चाखण्याचा ग्लास जेमतेम 215 मिलीचा असतो आणि त्यात 50 मिलीच ओततात, म्हणजे वास साठायला वर जागा उरते.

मार्क वीसपैकी. रंग 2, वास 6, तोंडातली चव 8, मागे रेंगाळणं 2 आणि शेवटचे 2 एका प्रश्नाला: दुसरा ग्लास मागशील का? हा प्रश्न कुठल्याही प्रमाणित तक्त्यात नसेल, पण हॉटेल त्याच्यावरच चालतं. सगळ्यांचे कागद भरून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मध्ये खायला बिनमिठाचे चुरमुरे. थुंकायला स्टीलची बादली. आप्पांनी बादलीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत.

22 जून

पांढऱ्यांची बैठक. जगमध्ये होत्या (शेनाँ, सोव्हिन्यों, शार्डने ही द्राक्षांच्या जातींची नावं): नाशिकची शेनाँ ब्लाँ, नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ, बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची सोव्हिन्यों, दक्षिण आफ्रिकेची शेनाँ, चिलीची सोव्हिन्यों, ऑस्ट्रेलियाची शार्डने. ग्लास मात्र सात. नाशिकची शेनाँ 'ख' म्हणून एकदा आणि 'ज' म्हणून पुन्हा एकदा, त्याच बाटलीतून. हे मला आणि ओतणाऱ्या पुतणीलाच माहीत. मी अर्थात मार्क दिले नाहीत.

ही युक्ती कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट हॉजसन यांची. स्वतः वायनरी चालवणारे निवृत्त प्राध्यापक. तिथल्या स्टेट फेअर स्पर्धेत त्यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन एकाच फेरीत तीनदा दिली. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आले: तिन्ही वेळा साधारण एकाच पदकाच्या पट्ट्यात मार्क देणारे परीक्षक दहातला एक. आणि ती सगळी मुरलेली माणसं होती.

आमचं काय झालं? 'ख' आणि 'ज'ला बायकोने 14 आणि साडेचौदा दिले. आप्पांनी 13 आणि 13. आचाऱ्याने 12 आणि 14. केमिस्टने 15 आणि 11, आणि कळल्यावर स्वतःचा कागद हिसकावून परत तपासला. भाच्याने 16 आणि 9. ठरलं की भाच्याचे मार्क बेरजेत धरायचे नाहीत, बिल धरायचं.

आता वाइनबद्दल. ऑस्ट्रेलियाची शार्डने पहिल्या वासाला सगळ्यांना आवडली, पिकलं अननस आणि थोडं व्हॅनिला, पण चौथ्या घोटाला कंटाळा आला. चिलीची सोव्हिन्यों स्वच्छ, हिरवी, थोडी पाणचट. दक्षिण आफ्रिकेच्या शेनाँला वजन होतं. तिथे हे द्राक्ष सगळ्यांत जास्त लावलेलं आहे, जुनं नाव स्टीन, आणि मूळ फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं. पण बाटली दोन हंगाम जुनी होती आणि फळ मावळलेलं. नंदी हिल्सची नीट, साधी, तक्रारीला जागा नाही.

वर आल्या त्या नाशिकच्या दोघी. मला यात गावाभिमानाचा वास आला म्हणून मी कागद परत पाहिले, पण दोघींचे मार्क एकाच गोष्टीवर चढलेले होते. ताजेपणा. बायकोने शेनाँसमोर लिहिलंय, "पेरू, आतून गुलाबी नव्हे, पांढरा. मागे जराशी गोडी." आचाऱ्याने सोव्हिन्योंसमोर: "कैरीची साल."

कारण आप्पांनी सांगितलं, जगमधली उरलेली शेनाँ संपवता संपवता. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि वाइनचं द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये तोडायचं. युरोपात तेव्हा वेली निष्पर्ण उभ्या असतात, त्यांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरातली. म्हणजे जूनमध्ये नाशिकच्या दुकानात यंदाच्या फेब्रुवारीतली पांढरी वाइन मिळू शकते आणि ती दिंडोरी किंवा निफाडहून टेम्पोने आलेली असते. स्वस्त पांढरी मुरवायची नसतेच, तिचं सगळं भांडवल म्हणजे तरुण असणं. चिली किंवा दक्षिण आफ्रिकेतली तोडणीही साधारण फेब्रुवारी-मार्चची, पण ती बाटली समुद्र, गोदाम आणि तीन हात फिरून येते.

26 जून

आजचा प्रयोग माझ्या मनात बरेच दिवस होता. नाशिकचीच एक सोव्हिन्यों, एकच लेबल, मागच्या लेबलवर बॅच नंबर आणि बॉटलिंगची तारीखही एकच. एक बाटली एसी असलेल्या दुकानातून, दुसरी बाहेरच्या हायवेवरच्या दुकानातून. तिथे बाटल्या दर्शनी काचेत उभ्या, पश्चिमेचं ऊन थेट अंगावर. ती अख्खा एप्रिल-मे तिथे उभी होती का, हे दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "माल ताजाच आहे साहेब."

पांढऱ्या कागदावर दोन्ही ग्लास शेजारी ठेवले. एसीवाल्या दुकानातली जवळपास पाण्यासारखी, कडेला हिरवट झाक. हायवेवाली पिवळी, कडेला सोनेरी. वास घेतल्यावर तर केमिस्टने विचारलं, "दोन वेगळ्या जाती आहेत का?" पहिलीत कैरी, लिंबाची पानं. दुसरीत फळ शिजलेलं, मुरांब्याच्या पातेल्याच्या तळाशी राहतं तसं, आणि मागे एक बोथट कडवटपणा. मार्क: चौघांची सरासरी पहिलीला 14, दुसरीला 8.

सहा मार्कांचा फरक. रविवारी पाच जागांच्या सहा पांढऱ्यांत पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकात एवढं अंतर नव्हतं. देश कुठला, द्राक्ष कुठलं, यावर आपण एवढं बोलतो, आणि हजाराच्या आतल्या बाटलीचं नशीब ठरतं ते मे महिन्यात ती कुठल्या फळीवर उभी होती यावर.

भाच्याला खरेदीसाठी लिहून दिलं. बाटली हातात घे, बूचवाली असेल तर वरची कॅप्सूल, म्हणजे बुचावरचं वेष्टन, बोटांनी फिरवून बघ. फिरली तर बरं. चिकटून बसली असेल तर आतून गळती झालेली असू शकते, उष्णतेने वाइन फुगते आणि बुचाच्या कडेने वर चढते. बूच गळ्याच्या वर आलेलं दिसलं तर बाटली जागेवर परत. पांढरी असेल तर तारीख एक वर्षाच्या आतली. दर्शनी काचेतली बाटली फुकट दिली तरी नको.

29 जून

लाल. नाशिकची शिराझ, नाशिकची कॅबर्ने-शिराझ, अकलूजची सान्जोव्हेसे, नंदी हिल्सची कॅबर्ने-शिराझ, चिलीची कार्मेनेर, ऑस्ट्रेलियाची शिराझ, स्पेनची टेम्प्रानियो. परत आलेली कोणती, हे या वेळी मीही पुतणीला विचारलं नाही. मीही मार्क दिले.

बाटल्या ओतण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं पुस्तकात असतं. ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपल्या खोलीत तीस असतात, आणि तीस अंशांना स्वस्त लाल वाइनचं अल्कोहोलच नाकात जातं.

ऑस्ट्रेलियाची शिराझ पहिली आली, चांगल्या अंतराने. जांभूळ, काळी मिरी, गुबगुबीत, कुठेही टोक नाही. ही वाइन चुकूच नये म्हणूनच बनवलेली असते. मोठ्या सिंचनाच्या पट्ट्यांतून द्राक्षं येतात, वेगवेगळ्या ठिकाणचा माल एकत्र करून दर वर्षी तीच चव जमवतात. कुणाला हे कमीपणाचं वाटतं. मला तो कारखानदारीचा उत्तम नमुना वाटतो, आणि बॅचमागून बॅच तीच चव ठेवणं किती अवघड हे मसालेवाल्याला विचारावं.

चिलीच्या ग्लासाला नाक लावून आचारी म्हणाला, "ही भोपळी मिरची." (बोलायचं नव्हतं, पण त्याला राहवलं नाही.) अगदी बरोबर. तो वास देणारी पायराझिन वर्गातली संयुगं भोपळी मिरचीत असतात तीच या द्राक्षात असतात आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला कळतात. कार्मेनेर मूळ बोर्दोची. फिलॉक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या त्यानंतर तिची तिथे पुन्हा फारशी लागवड झालीच नाही. त्याआधीच कलमं चिलीला गेली होती, आणि तिथे ती मर्लो म्हणून विकली जात राहिली. 1994 मध्ये झाँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच वेलीतज्ज्ञाने चिलीच्या बागेत उभं राहून सांगितलं की ही मर्लो नाही. आप्पांना ही गोष्ट भयंकर आवडली. नर्सरीवाल्याने दिलेली जात आणि वेलीला लागलेली जात यांचा संबंध नसतो हे त्यांचं जुनं मत आहे.

नाशिकच्या दोन्ही लाल मध्यम. शिराझला फळ होतं, पण लाकडाचा धूर जास्त. स्वस्त लाल वाइन महाग वाटावी म्हणून ओकच्या चिपा टाकायच्या, ही सवय सगळ्या जगात आहे, आपल्याकडे जरा हात सैल सुटतो. नंदी हिल्सची जास्त तोललेली. स्पेनची चांगली, पण पंधराशेच्या हद्दीला टेकलेली, आणि वितरक म्हणतो की पुढची खेप कधी येईल ते सांगता येत नाही. हॉटेलसाठी ती तिथेच बाद.

अकलूजच्या सान्जोव्हेसेने वाद घातला. सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज, जिथे उसाशिवाय काही पिकत असेल असं बाहेरच्याला वाटत नाही, तिथे इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष आणि सल्लाही तिथल्याच वाइनमेकरचा. रंग फिकट, त्यामुळे केमिस्टने रंगाचे मार्क कापले. सान्जोव्हेसेचा रंग फिकटच असतो. तोंडात मात्र आंबटपणा जिवंत, चिंच-आमसुलाच्या बाजूचा, आणि तुरटपणा बेताचा. बायकोने तिला पहिला नंबर दिला, भाच्याने शेवटचा. भाच्याचे मार्क धरायचे नाहीत हे एव्हाना बरं वाटायला लागलंय.

6 जुलै

आषाढी एकादशी, ड्राय डे. दुकानं बंद, आप्पांचा उपास, आचारी वारीहून परतलेला नाही. साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि मार्कांचे कागद वहीत चिकटवले.

9 जुलै

रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घ्यायची राहिली होती, म्हणून तीन बाटल्या आणल्या. त्यातल्या एका देशी बाटलीला उघडताक्षणी भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. पावसाळ्यात माळ्यावरचे खोके उघडल्यावर येतो तो. बूच खराब. टीसीए नावाचं संयुग बुचात तयार होतं आणि लिटरला दोन-चार नॅनोग्रॅम इतकं असलं तरी फळाचा वास मारून टाकतं. पिऊन काही अपाय नाही, फक्त पिववत नाही.

केमिस्ट खूश झाला. स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म मागून घेतली, हातभर तुकडा चुरगाळून जगमध्ये बुडवला, वर वाइन ओतली आणि दहा मिनिटं ढवळत बसला. पॉलिथिन टीसीए शोषून घेतं. फिल्म कोणत्या प्लास्टिकची आहे ते मात्र बघावं लागतं, पीव्हीसीची तितकी उपयोगाची नाही. दहा मिनिटांनी पुठ्ठा बराचसा गेला होता. फळ परत आलं नाही, कारण त्याबरोबर थोडं तेही शोषलं गेलं. पिण्यालायक झाली, विकण्यालायक नाही.

दुकानदाराने बाटली बदलून दिली नाही. "उघडलेली कशी घेणार?" हॉटेलच्या खरेदीत वितरकाकडून खराब बूच बदलून मिळेल असं आधीच लिहून घ्यायचं. नाहीतर यादीत शक्य तिथे स्क्रू कॅपच. ग्लासने विकायला स्क्रू कॅपला तोड नाही, उघडझाप सोपी आणि हा रोग नाही.

13 जुलै

आज ताट घेऊन बसलो. आतापर्यंत चुरमुऱ्यांबरोबर चाखलं, पण गिऱ्हाईक चुरमुरे खायला येणार नाही. आचाऱ्याने मांडलं: कांदाभजी, थालीपीठ आणि लोणी, झणझणीत मिसळ, कोळंबीचं सुकं, मटण रस्सा, शेवटी ठेचा-भाकरी.

पहिला धक्का ऑस्ट्रेलियन शिराझचा. मिसळीची तर्री एक चमचा, लगेच एक घोट शिराझ. केमिस्टने डोळे मिटले, आप्पांनी ग्लास खाली ठेवून पाणी मागितलं. तिखटाची आग कॅप्सेसिनची, आणि अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही ती वाढवतात. वाइन जितकी दणकट तितकी मिसळ जास्त जाळते आणि वाइन जास्त कडू लागते. मागच्या बैठकीतली पहिल्या नंबरची वाइन या ताटावर चालेचना. मटण रस्स्याबरोबर जरा सावरली, कारण तिथे चरबी होती.

नाशिकची शेनाँ आठ-नऊ अंशांना गार करून दिली आणि टेबलावरचा सूर बदलला. थोडी साखर तिखटाची धार काढते, गारवा जिभेला दिलासा देतो आणि आंबटपणा तेल कापतो. मिसळ, घोट, परत मिसळ, असं थांबायला न लावता चाललं. एरवी "गोडसर वाइन म्हणजे बायकांची" असं म्हणणाऱ्या भाच्याकडे त्याच्या मामीने नुसतं बघितलं आणि त्याने दुसरा ग्लास घेतला.

कांदाभजीबरोबर सोव्हिन्यों. कोळंबीबरोबरही तीच, कारण कोकमाचा आंबटपणा आणि तिचा आंबटपणा एकाच घरचे. नाशिकची झिनफँडेल रोझे थालीपीठाबरोबर बसली आणि, माझी अपेक्षा नव्हती, ठेच्याबरोबरही.

मटण रस्स्याला अकलूजची. इथे सगळ्यांचं एकमत झालं, रंगाचे मार्क कापणाऱ्या केमिस्टसकट. तिचा आंबटपणा रस्स्यातल्या सुक्या खोबऱ्याच्या तेलकटपणाला उभा राहतो, आणि तुरटपणा बेताचा असल्यामुळे तिखट भडकत नाही. चिलीची कार्मेनेर दुसरी. तिच्या मिरचीच्या वासाची मसाल्याशी आधीच ओळख असल्यासारखी वागली.

ठेचा-भाकरीबरोबर खरं तर ताकच. आचाऱ्याचं हे मत नोंदवून ठेवतो.

14 जुलै

दारूवरच्या करवाढीविरुद्ध राज्यातल्या परमिट रूम आज बंद. भाचा दिवसभर फोनवर. हॉटेलात बसून पिण्यावरचा व्हॅट पाचवरून दहा टक्के झालाय. उत्पादन शुल्कातून वाइन सुटली म्हणून खूश होता, आता ग्लासचा हिशोब परत मांडतोय.

17 जुलै

"मामा, गोड वाइन मागणारे येणारच. पोर्ट ठेवायची का?" म्हणून गोव्याकडची एक आणि आपल्याकडची एक, दोन स्वस्त पोर्ट उघडल्या.

खरी पोर्ट पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यातली. द्राक्षरस आंबत असताना मध्येच द्राक्षांचं स्पिरिट ओतून ते आंबणं थांबवतात, म्हणून साखर उरते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडची पोर्ट वेगळी, नावापुरतीच तिची नातेवाईक. बहुतेक वेळा बेंगलोर ब्लू द्राक्ष, ज्याच्यात मेथिल अँथ्रॅनिलेट भरपूर. हेच द्रव्य द्राक्षाच्या चवीच्या गोळ्या-सरबतांत घालतात, म्हणून ही पोर्ट हुंगली की शाळेबाहेरची जांभळी पेप्सीकोला आठवते. वाइनचे जाणकार नाक मुरडतात. पण गोव्यात ती घराघरांत आहे, नाताळला केकबरोबर ती लागतेच, आणि आचारी म्हणाला की त्याच्या गावी बाळंतिणीलाही देत. वैद्यकीय सल्ला म्हणून हे लिहीत नाही.

मार्क दिले नाहीत. या तक्त्याने तिला मोजणं म्हणजे दोघांवर अन्याय. यादीत नको, पण फ्रिजमध्ये एक बाटली असू दे. कुणी मागितली तर छोट्या ग्लासात, बर्फासकट, कसलंही तोंड न करता.

20 जुलै

उघडलेल्या बाटलीचा निकाल. बुधवारपासून पाच निवडक बाटल्या अर्ध्या रिकाम्या करून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. रोज एक घोट. सोव्हिन्यों दुसऱ्या दिवशी ठीक, तिसऱ्या दिवशी कैरीची साल गेलेली. शेनाँ तीन दिवस टिकली, साखरेमुळे तिचे दोष झाकले जातात. रोझे दोन दिवस. कार्मेनेर दुसऱ्या दिवशी उलट सुधारली, मिरची मागे सरली. सान्जोव्हेसे दुसऱ्या दिवसापर्यंतच.

त्यावरून नियम: बाटली उघडली की गळ्यात तारखेची चिठ्ठी. पांढरी, रोझे आणि सान्जोव्हेसे दुसऱ्या रात्री संपवायची, कार्मेनेर तिसऱ्या. उरलेली रस्स्यात. 150 मिलीने पाच ग्लास निघतात. चौथा ग्लास विकला गेला की बाटलीचे पैसे सुटले आणि पाचवा नफ्याचा, असा दर भाच्याने धरला होता. मी म्हणालो, तिसऱ्या ग्लासाला सुटले पाहिजेत, कारण सुरुवातीला पाचवा ग्लास ओतून द्यायची वेळ बऱ्याचदा येईल. तासभर घासाघीस करून तिसऱ्यावर आला, पण त्यासाठी ग्लास महाग केला नाही. वितरकाशी खोक्याच्या भावावर बोलला.

फसफसणारी यादीत नाही. आवडते, पण उघडली की त्याच रात्री संपवावी लागते. सोय झाली तर छोट्या बाटल्या.

23 जुलै

उद्या गटारी. आप्पांनी शेवटची फेरी आजच मागून घेतली.

यादी: नाशिकची शेनाँ ब्लाँ, थोडी गोड. नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ, बॉटलिंग एक वर्षाच्या आतलं. नाशिकची झिनफँडेल रोझे. अकलूजची सान्जोव्हेसे. चिलीची कार्मेनेर, आणि ती पुरवठ्यात तुटली तर नंदी हिल्सची कॅबर्ने-शिराझ. मेनूवर देश आणि द्राक्षाच्या खाली एक ओळ, कशाबरोबर घ्यायची ती. शेनाँखाली "मिसळ" असं लिहायला भाचा लाजत होता. लिही म्हणालो.

ऑस्ट्रेलियन शिराझ सुटल्याचं केमिस्टला अजून पटलेलं नाही. त्याला सांगितलं, घरी घे, भाजलेल्या मटणाबरोबर, माझ्याकडची उरलेली बाटली घेऊन जा. घेऊन गेला.

बाकी कामं. वितरकाकडून खराब बुचाची अट लेखी घ्यायची. माल उतरवून घ्यायची वेळ सकाळी नऊच्या आत, दुपारच्या टेम्पोतून आलेली खोकी स्वीकारायची नाहीत. भाच्याने वाइनसाठी शोभेचा काचेचा रॅक बनवायला टाकलाय, नेमका पश्चिमेच्या खिडकीजवळ. त्यात रिकाम्या बाटल्या मांडायच्या. भरलेल्या जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जुना फ्रिज बारा-तेरा अंशांवर लावून.

उद्घाटनाचा मुहूर्त त्याने दसऱ्याचा धरला होता. कॅलेंडर उघडून दाखवलं. यंदा दसरा 2 ऑक्टोबरला, गांधी जयंती. आता घटस्थापनेचं बघतोय, 22 सप्टेंबर.